वापरलेल्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीचे ब्रेक: कोणत्या क्रमाने तपासायचे आणि कुठे चुकतं

जुनी ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू किंवा इकोस्पोर्ट पाहायला गेलेले लोक बहुतेक वेळा एकच करतात. चावी घेतात, गेटबाहेर एक फेरी मारतात, दोनदा ब्रेक दाबतात, गाडी थांबते, आणि ब्रेक ठीक आहेत असं धरून पेंट आणि टायरकडे वळतात. ब्रेकचे गंभीर दोष या फेरीत दिसतच नाहीत. मास्टर सिलिंडरची (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) आतली गळती पेडल हलक्या दाबाने धरून ठेवल्यावर कळते. बूस्टरचा (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा भाग) दोष इंजिन बंद असताना सापडतो. अडकलेली कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिन चाक काढल्यावर दिसते, आणि पाणी धरलेलं ब्रेक ऑइल थेट घाटात दगा देतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी थंड आणि उभी गाडी, मग हळू, मग वेगात, मग चाकं काढून, आणि घाट सगळ्यात शेवटी. उभ्या गाडीच्या तपासणीत नापास झालेली गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क (दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात ती तबकडी) आणि मागे ड्रम (आतून शू दाबतात तो गोल डबा) असतात. ब्रेकचे पाईप दोन वेगळ्या सर्किटमध्ये तिरपे विभागलेले असतात: एका सर्किटवर पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्यातलं मागचं. एक सर्किट गेलं तरी गाडी थांबते, पण पेडल खूप खाली जातं आणि थांबायला अंतर बरंच जास्त लागतं. विकणारा ‘जरा पेडल खाली लागतं, बाकी काही नाही’ म्हणतो तेव्हा हे आठवावं.

## टप्पा १: गाडी पाहायला जाण्याआधी

विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो मागवा. त्यावरचा १७ अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये देऊन रिकॉल बाकी आहे का ते पाहा. ब्रेकसाठीही रिकॉल होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेक असेंब्लीतल्या एका पिनसाठी परत बोलावल्या होत्या. रिकॉलचं काम कंपनी फुकट करते, आणि गाडीचा मालक बदलला म्हणून ते रद्द होत नाही.

सर्व्हिस हिस्ट्रीत तीन नोंदी शोधा: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, पुढचे पॅड कधी, मागचे लायनर (ड्रममधल्या शूवरचा घासणारा थर) कधी. पाच वर्षांच्या गाडीत ऑइल बदलल्याची एकही नोंद नसेल तर ते बदललेलं नाही असंच समजा. सर्व्हिसच्या बिलावर ‘ब्रेक क्लीनिंग’ लिहिलेलं असतं, त्यात ऑइल बदलणं येत नाही.

एबीएस (जोराच्या ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का तेही आधीच विचारा. भारतात सर्व नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या काही बेस मॉडेलमध्ये ते नव्हतं, त्यामुळे ‘या गाडीत असतंच’ या शब्दावर जाऊ नका.

सोबत न्यायचं सामान: टॉर्च, टायरचं प्रेशर मोजायचा गेज, वर्नियर (जाडी मोजायचं साधन), कापडाचा पांढरा तुकडा, आणि जमल्यास इन्फ्रारेड थर्मामीटर. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर असलेला मेकॅनिक मिळाला तर उत्तम. स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतं, एबीएसच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचत नाही. त्यावर ‘नो फॉल्ट’ दिसलं म्हणून एबीएस पास झालं असं होत नाही.

सावधान: गाडी थंड ठेवायला आधी सांगा. पोचल्यावर इंजिन आणि चाकं गरम असतील तर गाडी आधीच फिरवून आणलेली आहे. तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी जा.

## टप्पा २: बॉनेटखाली

ब्रेक ऑइलची टाकी ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ असते. आधी झाकणाभोवतीची धूळ पुसा, मगच झाकण उघडा. आत पडलेला वाळूचा एक कणही सील कापू शकतो.

रंग. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं. कोऱ्या चहासारखं दिसत असेल तर जुनं आहे. काळं आणि तळाशी गाळ असेल तर आतलं रबर झिजतंय.

पातळी. इथे बहुतेक जण फसतात. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी हळूहळू खाली जाते, हे स्वाभाविक आहे. त्यामुळे पॅड अर्धे झिजलेले असताना पातळी ‘मॅक्स’च्या रेषेला असेल, तर कोणीतरी वरून ऑइल ओतलं आहे. का ओतलं, याचं उत्तर मिळालं पाहिजे. बाहेर कुठेच गळती नसताना ऑइल कमी होत असेल तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलवर संशय घ्या. तिथून गळणारं ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही. मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो किंचित पुढे ओढला की ओल दिसते.

झाकणाचं रबर. ते फुगलेलं, लिबलिबीत किंवा वेडंवाकडं झालं असेल तर टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारा भाग) यांची सीलं, होज, एबीएसचं हायड्रॉलिक युनिट असं सगळंच संशयाखाली येतं. अशी गाडी सोडून द्यावी, किंमत कितीही आकर्षक असली तरी.

पडताळणी: बूस्टरला जाणारा व्हॅक्यूमचा जाड होज बोटाने दाबून पाहा. तडे, ढिली क्लिप, टेप गुंडाळलेला सांधा यांपैकी काहीही चालत नाही. डिझेल गाडीत व्हॅक्यूमसाठी इंजिनवर वेगळा पंप असतो. त्याच्या सांध्याभोवती ऑइलची ओल आहे का पाहा.

## टप्पा ३: पेडलच्या चार चाचण्या

या चारही चाचण्या उभ्या गाडीत, सपाट जागेवर, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून करायच्या. त्याआधी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढून ठेवा. जाड ‘सेव्हन-डी’ मॅट पेडलचा प्रवास कमी करतं, सरकलं तर पेडलखाली अडकतं, आणि चाचणीचा निकालही बिघडवतं.

पहिली, बूस्टर. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते कडक होईल. आता मध्यम दाबाने धरून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. जागचं हललं नाही तर बूस्टर, त्याचा होज किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गेलंय.

दुसरी, व्हॅक्यूम टिकतो का. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि तसंच धरून इंजिन बंद करा. ३० सेकंद थांबा. पेडल पायाला वर ढकलू लागलं तर व्हॅक्यूम गळतोय. पेडलजवळ ‘स्स्स’ असा हवेचा आवाज येत राहिला तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो.

तिसरी, मास्टर सिलिंडर. इंजिन चालू ठेवा आणि पेडल हलक्या, एकसारख्या दाबाने पूर्ण एक मिनिट धरा. सिग्नलला थांबल्यावर पाय ठेवतो, तेवढाच जोर पुरे. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं आणि चाकांपाशी कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली सीलं दाब सोडतायत. जोरात दाबल्यावर हीच सीलं पसरून घट्ट बसतात आणि पेडल चांगलं लागतं. फेरी मारताना हा दोष सुटतो तो यामुळेच.

चौथी, हवा आणि अ‍ॅडजस्टमेंट. पेडल एकदा दाबा आणि किती खाली जातं ते लक्षात ठेवा. सोडून लगेच दोन-तीनदा दाबा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेडल बरंच वर आणि कडक लागलं, तर मागच्या ड्रममधला, शू झिजले तरी ते ड्रमजवळ ठेवणारा सेल्फ-अ‍ॅडजस्टर अडकलाय किंवा पाईपमध्ये हवा आहे. पाय स्पंजवर ठेवल्यासारखा वाटत असेल तर हवाच. पेडल टणक आहे पण पहिला प्रवास लांब आहे, तर अ‍ॅडजस्टर.

सावधान: तिसऱ्या चाचणीत नापास झालेली गाडी चालवून पाहू नका. विकणारा आग्रह करेल, तरी नाही.

## टप्पा ४: डॅशबोर्डवरचे दिवे

चावी ‘ऑन’ करा, इंजिन चालू करू नका. ब्रेकचा लाल दिवा आणि एबीएसचा पिवळा दिवा, दोन्ही लागले पाहिजेत. इंजिन चालू झाल्यावर एबीएसचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, आणि हँडब्रेक सोडल्यावर लाल दिवाही.

दिवा लागून न विझणं वाईटच, पण अजिबात न लागणं त्याहून वाईट. याचा अर्थ कोणीतरी तो काढला आहे, झाकला आहे किंवा दुसऱ्या दिव्याला जोडला आहे. लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागून राहिले तर पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटणारी यंत्रणाही बंद असू शकते; अशा वेळी जोरात ब्रेक मारल्यास मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते.

कुणाला तरी मागे उभं करून तिन्ही ब्रेक लाइट लागतात का तेवढं पाहून घ्या.

## टप्पा ५: रस्त्यावर, आधी हळू

निघण्याआधी चारही टायरचं प्रेशर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. डाव्या-उजव्या टायरमध्ये प्रेशरचा फरक असला तर गाडी एका बाजूला ओढते आणि दोष ब्रेकवर जातो. टायरची खाच १.६ मिमीपेक्षा कमी असेल, किंवा चार टायर चार कंपन्यांचे असतील, तर ब्रेकबद्दलचा कोणताही निष्कर्ष कच्चा समजा. टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहा: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा.

१. मोकळ्या जागेत ताशी १० किमीच्या वेगात ब्रेक दाबा. करकर, घासल्याचा किंवा ‘टक’ असा आवाज ऐका. काचा खाली, एसी बंद, म्युझिक बंद.

२. ताशी ३० किमीला, मागे कोणी नसताना, स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक मारा. गाडी उजवीकडे ओढली तर दोष बहुधा डाव्या पुढच्या चाकात आहे, कारण उजवं चाक नीट थांबतंय. अनेक जण, आणि काही मेकॅनिकही, नेमकं उलट चाक उघडून बसतात.

३. ताशी ६० किमीवरून हलका, लांब ब्रेक. स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क. सीट आणि फ्लोअर थरथरलं तर मागचे ड्रम गोल राहिलेले नाहीत. डिस्कच्या जाडीत साधारण ०.०२ मिमीचा फरकही पायाला जाणवतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘डिस्क चांगली आहे’ म्हणता येत नाही.

४. एबीएस असेल तर सरळ, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० किमीला एकदाच पूर्ण जोराने पेडल दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाला धडधड जाणवली पाहिजे आणि गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे. धडधड सुरू झाल्यावर घाबरून पाय उचलणं ही नेहमीची चूक आहे. धडधड म्हणजे एबीएस काम करतंय.

५. चढावर थांबून फक्त हँडब्रेकवर गाडी धरून पाहा. लिव्हर पाच ते आठ क्लिकमध्ये पूर्ण पकडला पाहिजे. दहा-बारा क्लिक लागत असतील तर मागचे लायनर झिजलेत, अ‍ॅडजस्टर अडकलाय किंवा केबल ताणली गेलीय. केबल आवळून क्लिक कमी करणं हा त्यावरचा उपाय नाही. आवळलेल्या केबलमुळे शू ड्रमला कायम चिकटून राहतात आणि अ‍ॅडजस्टर आणखी निकामी होतो.

पडताळणी: आठ-दहा किलोमीटर साधं चालवून थांबा. चारही चाकांजवळ नाक न्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढच्या दोन्ही डिस्क मोजा. डाव्या-उजव्यात ३०-४० अंशांहून जास्त फरक असेल तर गरम बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. हात लावून पाहू नका, भाजतं.

## टप्पा ६: चाकं काढून

हा टप्पा लोक टाळतात, आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. टोकन देण्याआधी गाडी तुमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घ्यायला सांगा. विकणारा नाही म्हणत असेल तर तेही एक उत्तरच आहे. घरी करणार असाल तर उलट्या बाजूच्या चाकांना पाचर आणि बॉडीखाली स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

पॅड. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी लायनिंग असतं. ३ मिमी उरलं की बदलायचे. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड मोजा. चाकाच्या फटीतून फक्त बाहेरचा दिसतो, आणि तेवढाच पाहून ‘अजून अर्धे आहेत’ असं सांगितलं जातं. आतला पॅड बाहेरच्याहून बराच पातळ असेल तर कॅलिपरची स्लाइड पिन अडकली आहे. अशा गाडीत नुसते पॅड बदलले तर नवे पॅडही तसेच तिरपे झिजतात.

डिस्क. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. कडेला न झिजलेला उंच ओठ राहतो. वर्नियर सरळ लावला तर तो ओठ मोजला जातो आणि जाडी फसवी जास्त येते. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा, किंवा मायक्रोमीटर वापरा. मर्यादेच्या जवळ आलेली डिस्क लेथवर फेसिंग (घासून सपाट) करून घेऊ नका. पातळ डिस्क उष्णता धरू शकत नाही आणि घाटात लवकर वाकते.

होज. चाकाकडे जाणारा रबरी होज वाकवून पाहा. तडे बाहेरून दिसतात, पण आतून सुजलेला होज दिसत नाही. तो ओळखायची रीत अशी: ब्रेक दाबून सोडल्यावर चाक हाताने फिरत नसेल, तर त्या कॅलिपरची निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित उघडा. चाक सुटलं तर दाब पाईपमध्येच अडकला होता, म्हणजे दोष होजमध्ये किंवा वर मास्टर सिलिंडरमध्ये. तरीही सुटलं नाही तर पिस्टन किंवा पिना.

मागचे ड्रम. हँडब्रेक सोडून ड्रम काढायचा. निघत नसेल तर हातोडा घालू नका. बहुतेक ड्रमला दोन आट्याची भोकं असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले की ड्रम आपोआप बाहेर येतो. आत ड्रमचा कमाल व्यास कोरलेला असतो, त्याहून मोठा झालेला ड्रम बाद. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या हलकेच उचलून पांढरं कापड लावा. ओल असेल तर सिलिंडर बदला. ऑइल लागलेले लायनर घासून, जाळून किंवा पेट्रोलने धुऊन परत बसवता येत नाहीत. दोन्ही बाजूंचे शू एकत्रच बदलायचे.

सावधान: ड्रममधली धूळ हवेच्या पाईपने उडवू नका. जुन्या किंवा स्वस्त लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओल्या कापडाने पुसा.

पुराच्या खुणा. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, वरच्या टोकाला गढूळ रेषा दिसते. कार्पेटखाली गाळ आणि सीटच्या रुळांवर गंज पाहा. ब्रेकच्या बाजूने पाहायचं तर चाकाच्या स्पीड सेन्सरचे कनेक्टर उघडून आत हिरवट थर आहे का बघा. कोकणात, खाऱ्या हवेत वापरलेल्या गाडीत धातूच्या ब्रेक पाईपांचे सांधे आणि ब्लीडिंगच्या (पाईपातली हवा आणि जुनं ऑइल काढण्याच्या) निपल गंजलेल्या असतात. त्या सुटतात का ते इथेच कळलं पाहिजे. रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा पातळ तांबूस थर मात्र निरुपद्रवी असतो. दोन-चार ब्रेकमध्ये जातो.

एबीएसचा दिवा अधूनमधून लागतो अशी गाडी असेल तर आधी सेन्सरवर साचलेला चिखल आणि लोखंडी कीस साफ करा. तरीही लागला आणि त्या चाकाचं बेअरिंग नुकतंच बदललेलं असेल, तर बेअरिंग उलटं बसलंय का पाहा. आजच्या अनेक बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकीय पट्टी असते. ती सेन्सरकडे नसेल तर सेन्सरला काहीच दिसत नाही, आणि मालक विनाकारण नवे सेन्सर बसवत राहतो.

## टप्पा ७: घ्यायची की सोडायची

पॅड, शू, होज, व्हील सिलिंडर, ऑइल यांचा खर्च किमतीतून वजा करून गाडी घ्यायला हरकत नाही. डिस्क, ड्रम आणि मास्टर सिलिंडरचं कोटेशन आधी हातात घ्या, मग बोला. एबीएसचं हायड्रॉलिक युनिट या यादीत सगळ्यात महाग पडतं, आणि भंगारातून आणलेल्या युनिटवर भरवसा ठेवू नये.

सोडून द्यायच्या गाड्या: दिव्याशी छेडछाड केलेली, टाकीत खनिज तेल गेलेली, पुराची, आणि आठवड्यापूर्वी फक्त पॅड बदलून ‘सगळं नवीन आहे’ म्हणणारी, पण चाक उघडू न देणारी.

इकोस्पोर्ट घेत असाल तर एक जादा काम. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग आणि सर्व्हिस सुरू आहे, पण तुमच्या गावात लागणारा भाग किती दिवसांत येतो ते व्यवहाराआधी विचारून घ्या.

## टप्पा ८: घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल बदलणं

हिस्ट्री काहीही सांगो, ब्रेक ऑइल बदलून सुरुवात करा. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाट उतरताना कॅलिपर तापला की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल अचानक तळाला जातं. गाडी थंड झाल्यावर तेच पेडल पुन्हा ठणठणीत लागतं आणि गॅरेजवाला म्हणतो, काही दोष नाही.

सामान: झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं एक लिटर, सीलबंद ऑइल, पारदर्शक नळी, बाटली, निपलला बसेल असा रिंग पाना, एक मदतनीस. महिनोन्‌महिने उघडा पडलेला डबा वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळू नका. नावात साम्य असलं तरी डॉट ५.१ वेगळं असतं.

१. आदल्या दिवशी निपलवर गंज सोडवणारं तेल मारा. उघड्या तोंडाच्या पान्याने जोर लावला की निपलचे कोपरे जातात किंवा ती तुटते, आणि मग कॅलिपरच बदलावा लागतो.

२. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून नवं भरा. जुनं ऑइल सगळ्या पाईपांतून रेटत नेण्यात अर्थ नाही.

३. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. मास्टर सिलिंडरचा खालचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज आणि गाळ साचतो. पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्यावरून घासून फाटतात. चांगलं पेडल ब्लीडिंगनंतर बिघडतं त्याचं हे मोठं कारण आहे.

४. चाकांचा क्रम त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे घ्या. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात ही सवय बऱ्याच गाड्यांना चालते, सगळ्यांना नाही.

५. मदतनीस पेडल दाबून धरतो आणि ‘धरलं’ म्हणतो. निपल अर्धा फेरा उघडा, ऑइल आलं की बंद करा, मग तुम्ही ‘सोड’ म्हणा. निपल उघडी असताना पेडल सुटलं तर हवा आत ओढली जाते. नळीत स्वच्छ, बुडबुड्यांशिवाय ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवा.

६. दर पाच-सहा वेळांनी टाकी भरा. पातळी ‘मिन’च्या खाली गेली तर पुन्हा पहिल्यापासून. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती हाताने निघत नाही, स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

सावधान: पेंटवर सांडलेलं ब्रेक ऑइल रंग काढतं. पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

पडताळणी: टप्पा ३ मधल्या चारही चाचण्या पुन्हा. त्या पास झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तारीख आणि किलोमीटर लिहून टाकीजवळ चिकटवा. पुढचा बदल दोन वर्षांनी, मॅन्युअलमध्ये त्याहून आधी सांगितला असेल तर तेव्हा.

## टप्पा ९: नवे पॅड बसवताना

पिस्टन मागे ढकलला की टाकीतली पातळी वर येते आणि ऑइल बाहेर सांडू शकतं. आधी थोडं काढून घ्या. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. स्लाइड पिना बाहेर काढून पुसा आणि उष्णता सहन करणारं सिलिकॉनचं ग्रीस अगदी पातळ लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर पिनेचं रबर फुगतं आणि पिन महिन्याभरात पुन्हा अडकते. पॅडच्या पुढच्या बाजूला ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

सावधान: चाकं बसवून झाल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेले असतात, त्यामुळे पहिलं पेडल पूर्ण तळाला जातं. हे विसरून गॅरेजमधून रिव्हर्स घेणारा मागच्या भिंतीला किंवा माणसाला धडकतो.

मग ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेकने वीस-तीस वेळा वेग कमी करा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा-एक मिनिट चालवत थंड होऊ द्या. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि थरथर सुरू होते. पहिले २००-३०० किमी, वेळ आलीच नाही तर, जोराचा ब्रेक टाळा.

## टप्पा १०: घाट

वरचं सगळं झाल्यावरच कात्रज, कसारा, आंबा किंवा आंबोली. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्यात, उतरायचं. ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’ सोडून मॅन्युअल किंवा ‘एल’. वेग वाढला की एकदा नीट ब्रेक मारून कमी करा आणि पाय पूर्ण उचला. पेडलवर हलका पाय ठेवून उतरण्याने डिस्कला थंड व्हायला क्षणही मिळत नाही. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरू नका: इंजिन बंद झालं की बूस्टरला दोन-तीन ब्रेकांपुरताच व्हॅक्यूम उरतो. मागे सीएनजीचं सिलिंडर, पाच माणसं आणि सामान असेल तर थांबे वाढवा.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर पहिल्या मोकळ्या जागी थांबा. निदान अर्धा तास बॉनेट नाही, चाकं थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी गिअर टाका आणि चाकाला दगड लावा.

चालत्या गाडीत पेडल तळाला गेलं तर क्रम असा:

१. पेडल भराभर दाबत राहा. मागचा अ‍ॅडजस्टर सुटलेला असेल किंवा एकच सर्किट गेलं असेल तर दाब थोडा तरी परत येतो. पेडलखाली बाटली किंवा मॅट अडकलंय का तेही जाणवेल.

२. एकेक गिअर खाली आणा. इंजिन बंद करू नका, नाहीतर स्टिअरिंगही जड होईल आणि बूस्टर जाईल.

३. हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर थोडा थोडा ओढा आणि सोडा. एका झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडी फिरते. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत बटण सतत ओढून धरल्यावर गाडी सावकाश थांबवली जाते. तुमच्या गाडीत कसं आहे ते मॅन्युअलमध्ये आजच पाहून ठेवा.

४. हॉर्न आणि हॅझर्ड लावा. डोंगराच्या बाजूला, मातीवर, गवतावर किंवा चढाकडे वळवा.

थांबल्यावर पेडल पुन्हा कडक लागलं तरी गाडी चालवत खाली नेऊ नका. ती टो करूनच न्या, आणि गॅरेजमध्ये ‘ब्रेक गेला होता’ एवढंच न सांगता कधी, किती उतरल्यावर, पेडल मऊ होतं की कडक, हे सांगा. मऊ पेडल ऑइल, हवा किंवा गळतीकडे बोट दाखवतं. दगडासारखं कडक पेडल आणि तरी न थांबणारी गाडी बूस्टर किंवा व्हॅक्यूमकडे. पेडल नेहमीसारखं पण पकड नाही, तर तापलेले किंवा ऑइल लागलेले पॅड.